आस

सरकारी दवाखान्यात डोळे तपासून एकवीस वर्षं झाली.
भिंतीवरच्या तक्त्यापलीकडची अक्षरं
मला कधी वाचावी लागली नव्हती.
यंदा वाचते आहे तीनशे कोटींतलं एक.
सी असायला हवा, तिथे टी.

अहवाल मिथिल गिरपचा. वय सतरा, राहणार दांडी, मालवण.
दिवेलागणीनंतर होडीच्या दोरात अडखळतो.
आईचा बापही असाच, आत्माराम कुबल.
सूर्य कलला की रापण अर्धी टाकून घराकडे.
लोक म्हणायचे, आत्म्याची ग्लासाची वेळ झाली.
थेंब घेतला नाही त्यानं कधी.

रत्नागिरीची झीनत मुकादम फोनवरून शिकवते,
वयानं माझ्या लेकीएवढी.
पहिल्या दिवशी मी आकडा टाकला, निघालं भलतंच अक्षर.
ती हसली. मॅडम, नकाशे दोन आहेत, सदतीस आणि अडतीस,
तुमचा आकडा जुन्यातला, शोधताय नव्यात.
हे मात्र लगेच कळलं.
देवबागच्या संगमावर वाळूचा पट्टा दर पावसाळ्यात सरकतो,
गेल्या वर्षीच्या खुणेवर होडी घालतो तो रुततो.

मग गाळणी.
सर्रास आढळतं ते सोडून द्यायचं, दुर्मीळ तेवढं ठेवायचं.
उलटीच रापण ही. बांगडे परत पाण्यात,
जाळ्यात फक्त तो मासा ज्याचं नाव कुणाला ठाऊक नाही.
आस किती बारीक ठेवायचा, हे शिकण्यात महिना गेला.
जाळ्याचा तो आस, माणसाची ती आस.
शालन गिरप दर मंगळवारी दारात उभी,
गावला काय गो बाय?

गावलं. म्हणजे, नाही गावलं.
लाखो माणसांची मोजदाद, आणि आमच्या अक्षरापुढे शून्य.
मी हरखले. इतकं दुर्मीळ, म्हणजे हेच कारण!
झीनत जरा गप्प राहिली.
दक्षिण आशियाचा रकाना उघडा, म्हणाली.
उघडला. काही हजार माणसं.
त्यात लाहोरचे असतील, ढाक्याचे, लंडनला स्थायिक झालेले.
गाबीत किती? तसा रकानाच नाही.
आचऱ्यापासून निवतीपर्यंत एका तरी माणसानं
या मोजणीसाठी दंड पुढे केला असेल का?
आमच्या वाडीला न येताच
घरं निरंक लिहून गेलेला तलाठी आठवला.

दुसऱ्या साठ्यात रोगाचा निवाडा असतो.
निवाडा दोन शब्दांचा : अर्थ अनिश्चित.
हे शालनला सांगायचं कसं?
अजून ठरूक नाय, म्हटलं.
ती पदराचं टोक पिळत राहिली.
पण इला ता माझ्याकडसून मां?

शालन पहाटे साडेतीनला बॅटरीशिवाय
दांडीच्या वाळूतून लिलावाला चालत जाते,
सरंग्याचे कल्ले उचलून काळोखात ताजा-शिळा सांगते.
तिच्यातून ते अक्षर गेलं,
बापाकडून लेकाकडे, वाटेत कुठेही न धडकता.
मी म्हटलं, त्याचं हसणंही तुझ्याकडसूनच इला.
खोटं नव्हतं. पुरेसंही नव्हतं.

तिघांचं रक्त, तिघांच्या संमतीचे कागद.
आत्मारामानं चष्मा पुसून विचारलं, माझा नाव लिवतले?
नाव नाही आजोबा, नुसता आकडा.
मग ठीक, म्हणाला, नावान मी खूप ऐकलंय.

आठ महिने झाले. मोठ्या मोजणीत शून्य शून्यच आहे.
निवाड्याखाली मात्र एक बारीक ओळ आली आहे :
एका कुटुंबात तीन व्यक्ती, पैकी दोघांना रातांधळेपणा.
निवाडा तोच.

काल दुपारी चारला मिथिलला बोलावलं,
पडद्यावरची अक्षरं मोठी करून दिली.
त्यानं स्वतः वाचली, बोट ठेवून, तक्ता वाचतो तशी.
अर्थ अनिश्चित.
चलात माका, म्हणाला,
आणि खिडकीतून उन्हाकडे बघून उठला.
सहाच्या आत त्याला जाळं शिवून संपवायचं होतं.